फितींतील आवाज : चित्रग्रहण आणि संकलन यांचीं साधनें
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या दिवाळीअंकांच्या मागें, काळ्या रंगाच्या आठ-दहा व्हिडिओ कॅसेट्स पडलेल्या असतील. कुणाची मुंज, कुणाचें लग्न, कुणाची एकसष्टी. ज्या यंत्रावर त्या लावावयाच्या तें यंत्र घरांत उरलेलें नसतें, आणि त्या टाकून देण्याचा धीरहि कोणास होत नाहीं. माझ्या घरींहि अशी एक कॅसेट होती. १९८८ सालीं माझ्या वडिलांची एकसष्टी झाली. त्या वेळीं सत्काराला त्यांनीं दिलेलें उत्तर तिच्या अगदीं शेवटीं आहे. त्यांचा आवाज दुसरीकडे कोठेंहि टिपलेला नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं ती कॅसेट मीं एका दुकानांत दिली आणि तीवरून संगणकावर चालणारी प्रत करून घेतली. प्रत हातीं आली ती पाहिली, तों वडील आडवे पसरल्यासारखे दिसूं लागले. त्यांनीं हात हालविला कीं हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा उमटत. आणि ओठ मिटल्यावर चार सेकंदांनीं शब्द ऐकूं येत. दुकानदार गृहस्थ प्रामाणिक होता. तो मला म्हणाला, "साहेब, आमच्याकडे संकलनाचें सर्वांत महागाचें सॉफ्टवेअर आहे. दोष कॅसेटचाच असला पाहिजे." दोष कॅसेटचा नव्हता हें पुढें सिद्ध झालें. परंतु कोणतें साधन कोणतें काम करतें हें त्यालाहि ठाऊक नव्हतें आणि मलाहि नव्हतें. पुढें मला जें कळलें तें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे. ज्यांच्या घरीं जुन्या फिती आहेत त्यांना त्याचा उपयोग होईल. आणि ज्यांचा मुलगा अगर मुलगी हा व्यवसाय शिकूं पाहात आहे, त्यांचे कांहीं पैसेहि वांचतील.

ह्या व्यवसायांत दोन कामें आहेत आणि तीं निरनिराळीं आहेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पहिलें काम ग्रहणाचें. फितीवरून किंवा कॅमेऱ्यांतून विजेच्या लहरींच्या रूपानें बाहेर पडणारें चित्र संगणकाला समजेल अशा आंकड्यांत उतरवून घ्यावयाचें. हें काम कॅप्चर कार्डाचें, किंवा त्याच जातीच्या एखाद्या लहान पेटीचें. दुसरें काम संकलनाचें. उतरवून घेतलेल्या चित्रांतून हवें तें ठेवावयाचें, नको तें गाळावयाचें, क्रम लावावयाचा, रंग आणि आवाज सारखे करावयाचे. हें काम सॉफ्टवेअरचें, आणि त्याहूनहि तें वापरणाऱ्या माणसाचें. आडांतच नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. ग्रहणाच्या वेळीं जें निसटलें तें संकलनाच्या वेळीं परत मिळत नाहीं.

मग लोकांचा घोटाळा कां होतो ? त्याला इतिहास कारण आहे. अमेरिकेंतील ॲम्पेक्स कंपनीनें १९५६ सालीं व्यवहारांत वापरतां येण्याजोगें पहिलें व्हिडिओ-फितीचें यंत्र पुढें आणलें. त्या वेळीं संकलक ती फीत सूक्ष्मदर्शकाखालीं धरून पात्यानें कापीत आणि चिकटवीत. नंतर एका फितीवरून दुसऱ्या फितीवर हवे तेवढे भाग उतरविण्याची रीत आली. परंतु प्रतीची प्रत काढतांना चित्र प्रत्येक वेळीं अधिक फिकें होई, आणि मध्यें एखादा तुकडा वाढवावयाचा झाल्यास त्यापुढील सर्व पुन्हां उतरावें लागे. १९८९ सालीं अमेरिकेंतील ॲव्हिड कंपनीचें संगणकावर चालणारें संकलनयंत्र आलें आणि ही अडचण दूर झाली. मात्र त्या काळच्या संगणकांत स्वतःहून चित्र चालविण्याची ताकद नव्हती. म्हणून कार्ड आणि सॉफ्टवेअर हीं एकाच गांठोड्यांत विकलीं जात; एकाशिवाय दुसरें चालतच नसे. आजचा संगणक ती ताकद स्वतःच बाळगतो. गांठोडें केव्हांच सुटलें आहे, परंतु 'भारी कार्ड घातलें म्हणजे संकलन भराभर होतें' ही समजूत मागें राहिली आहे. ती आतां खरी नाहीं. संकलनाची गति संगणकाचा प्रोसेसर, त्याचें ग्राफिक्स कार्ड, स्मरणशक्ति आणि हार्ड डिस्क ह्यांवर अवलंबून असते. कॅप्चर कार्डावर नव्हे.

आतां ग्रहणाकडे वळूं. आपल्या देशांत १९८२ सालीं रंगीत दूरदर्शन आलें तें पाल पद्धतीचें. ह्या पद्धतींत दर सेकंदाला २५ चित्रचौकटी असतात, आणि प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांची मिळून झालेली असते. एका अर्धचित्रांत विषम ओळी, तर दुसऱ्यांत सम. दोन्ही अर्धचित्रें एकाच क्षणाचीं नसतात. त्यांत एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचें अंतर असतें. जुना दूरदर्शन-संच तीं एकामागून एक दाखवीत असल्यामुळें डोळ्यांना कांहीं खटकत नसे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही एकदम दाखविलीं, कीं हालणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दांत दिसूं लागतात. माझ्या वडिलांच्या हाताला फुटलेल्या त्या रेघा ह्याच. त्या अर्धचित्रांचीं नीट पूर्ण चित्रें केलीं असतां दर सेकंदाला ५० चौकटी मिळतात आणि हालचाल पूर्वीसारखीच सलग दिसते. शरीर रुंद दिसण्याचें कारण तर याहूनहि सोपें. जुन्या चित्राची रुंदी व उंची चारास तीन ह्या प्रमाणांत असे. तें सोळास नऊ प्रमाणाच्या आजच्या पडद्यावर ताणून बसविलें, म्हणजे प्रत्येक माणूस एकतृतीयांशानें फुगणारच.

आवाज मागें कां राहिला ? ह्या प्रश्नाचें उत्तर ग्रहणयंत्रांच्या तुलनेचें मूळच आहे. घरगुती कॅसेटींतील फीत अरुंद असते. ती ताणली जाते, तिला सुरकुत्या पडतात, आणि ती फिरविणारें यंत्रहि झिजतें. त्यामुळें प्रत्येक ओळ व प्रत्येक चौकट ठरल्या क्षणीं न येतां किंचित् मागेंपुढें येते. कांटा सरकला म्हणजे ग्रहणयंत्र बावचळतें आणि ती चौकट सोडून देतें. आवाजाला असा कांहीं अडथळा नसतो. तो अखंड येत राहातो. एका तासांत २५ च्या हिशेबानें ९०,००० चौकटी होतात. त्यांतील अवघ्या शंभर गळाल्या तरी चित्र चार सेकंदांनीं तोकडें पडतें; म्हणजे तासाच्या अखेरीस चित्र पुढें आणि शब्द मागें. माझ्या प्रतींत नेमकें हेंच झालें होतें.

आतां बाजारांत मिळणाऱ्या साधनांचे तीन वर्ग पाहूं.

पहिला वर्ग संगणकाच्या यूएसबी खांचेंत खोवण्याच्या बोटभर कांडीचा. ती स्वस्त असते. तिच्या मार्गानें माहिती वाहून नेण्यास जागा अपुरी असते असें नाहीं. पाल चित्राच्या प्रत्येक चौकटींत ७२० गुणिले ५७६ ठिपके धरले, तर मुळींच न आवळलेलें चित्र सेकंदाला सुमारें २१ मेगाबाइट भरतें, आणि यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची कागदोपत्रीं क्षमता सेकंदाला ६० मेगाबाइट आहे. खरी उणीव दुसरीकडे असते. अशा पुष्कळ कांड्यांत गळलेल्या चौकटींचा हिशेब ठेवून आवाज जुळविण्याची सोय नसते. नव्या, सुस्थितींतील फितीवर त्या ठीक चालतात. जीर्ण फितीवर दगा देतात.

दुसरा वर्ग डीव्ही पद्धतीच्या पेट्यांचा. कॅनोपस ह्या जपानी कंपनीची एडीव्हीसी ११० ही पेटी त्यांत विशेष नांवाजलेली आहे. चित्र व आवाज पेटींतच एकत्र बांधले जातात, त्यामुळें ते एकमेकांपासून सहसा ढळत नाहींत. एका तासाला सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. ह्या पद्धतींत रंगाची माहिती थोडी कमी ठेवली जाते. परंतु घरगुती कॅसेटींत मुळांतच रंगाचा तपशील अल्प असल्यामुळें तो तोटा फारसा जाणवत नाहीं. अडचण एवढीच, कीं ह्या पेट्या फायरवायर नांवाच्या तारेनें जोडाव्या लागतात आणि ती खांच नव्या संगणकांवर आतां येत नाहीं. म्हणून ज्यांच्याकडे जुना संगणक चालू स्थितींत आहे, त्यांनीं तो भंगारांत घालण्याची घाई करूं नये.

तिसरा वर्ग खऱ्या व्यावसायिक कार्डांचा. ऑस्ट्रेलियांतील ब्लॅकमॅजिक कंपनीचीं डेकलिंक व अल्ट्रास्टुडिओ, अमेरिकेंतील एजेए कंपनीचीं कोना, ह्या नांवांचीं कार्डें व पेट्या चित्रवाणीच्या स्टुडिओंत सर्रास आढळतात. त्यांना एसडीआय नांवाची तार जोडतात. ती फिरवून अडकविण्याची असल्यामुळें ओढली तरी निसटत नाहीं, आणि घरगुती एचडीएमआय तारेपेक्षां कितीतरी अधिक लांब नेतां येते. तिची पहिली आवृत्ति सेकंदाला २७ कोटि अंक वाही. उच्च दर्जाच्या चित्रासाठीं तो आंकडा सुमारें १४८ कोटींवर गेला. आणि आजची सर्वांत अधिक प्रचारांत असलेली मोठी आवृत्ति जवळजवळ १,२०० कोटि अंक वाहते. ह्या कार्डांचा आणखी एक उपयोग सामान्यांस ठाऊक नसतो. संकलन चालू असतां तीं शुद्ध चित्र बाहेर काढून पारखलेल्या पडद्यावर दाखवितात. त्यामुळें रंगांविषयींचा निर्णय संगणकाच्या पडद्याच्या लहरीवर सोंपवावा लागत नाहीं.

येथें एक मौजेची गोष्ट सांगतों. घरच्या कॅसेटसाठीं हीं महागाचीं कार्डें पुष्कळदां स्वस्त कांडीहूनहि निरुपयोगी ठरतात ! स्टुडिओंतील शिस्तबद्ध चित्र अपेक्षून तीं घडविलेलीं असतात. डळमळतें चित्र आलें कीं तीं सरळ काळा पडदा दाखवितात. त्यांना शिस्त लावून देणारें साधन मध्यें बसवावें लागतें. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. तें प्रत्येक ओळ क्षणभर साठवून घेतें आणि घड्याळाच्या ठोक्यासरशीं पुढें सोडतें. कांहीं उंची एस-व्हीएचएस यंत्रांत ओळींचा कंप काढणारी अशी सोय अंतर्भूत असते; शिवाय त्यांतून उजेड व रंग हे दोन वेगळ्या तारांनीं बाहेर येत असल्यानें चित्र अधिक स्वच्छ मिळतें. सारांश, जुन्या फितीसाठीं खर्च करावयाचा असेल तर तो आधीं चांगल्या वाजवण्याच्या यंत्रावर करावा, मग कार्डावर, आणि सरतेशेवटीं सॉफ्टवेअरवर. आपण नेमका उलट क्रम धरतों.

आजच्या कॅमेऱ्यानें किंवा मोबाइलनें टिपलेल्या चित्रास मात्र कॅप्चर कार्ड मुळींच लागत नाहीं. तें आधींच आंकड्यांत असतें. नुसती नक्कल करून घ्यावयाची. तेथें अडचण निराळी येते. जागा वांचावी म्हणून हे कॅमेरे प्रत्येक चौकट पूर्ण लिहीत नाहींत. एक चौकट पूर्ण लिहितात आणि पुढच्या दहा-पंधरा चौकटींत केवळ काय बदललें तेवढेंच नोंदतात. जमाखर्चाच्या वहींत 'मागील पानावरून पुढें चालू' असें लिहितात ना, तसेंच हें. वाचावयाला ठीक; पण मधलेंच पान उघडून बेरीज विचारली तर मागचीं पानें चाळावीं लागतात. संगणकालाहि तेंच करावें लागतें, आणि संकलन अडखळतें. ह्यावर उपाय म्हणून ॲपलचें प्रोरेस व ॲव्हिडचें डीएनएक्स अशा पद्धती निघाल्या. त्यांत प्रत्येक पानावर पूर्ण बेरीज असते. फाइल कितीतरी मोठी होते, पण काम सुरळीत चालतें.

आतां संकलनाच्या सॉफ्टवेअरची तुलना करूं. ॲव्हिड मीडिया कंपोझर हें ह्या घराण्यांतील वडीलधारें. 'द इंग्लिश पेशंट' ह्या १९९६ च्या चित्रपटाचें संकलन वॉल्टर मर्च ह्यांनीं त्यावर पूर्ण केलें आणि त्याला संकलनाचें ऑस्कर मिळालें. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला हा मान तेव्हां प्रथमच लाभला. एकाच कामावर दहा माणसें बसलीं तरी कोणी कोणाचें काम पुसून टाकीत नाहीं, अशी त्याची शिस्त आहे. मोठ्या चित्रसंस्थांना तें ह्यासाठींच हवें असतें. एकट्या माणसाला ती शिस्त जाचक वाटण्याचा संभव आहे.

ॲडोबी कंपनीचें प्रीमियर १९९१ पासून आहे. छायाचित्रें व सजावट ह्यांच्या त्याच कंपनीच्या इतर सॉफ्टवेअरशीं तें सहज मिळून जातें, आणि तें जाणणारीं माणसें सर्वत्र मिळतात. मात्र २०१३ पासून कंपनीनें भाड्याची पद्धत स्वीकारली. भाडें थांबलें कीं आपलेंच अर्धवट काम उघडण्याचें साधन हातचें जातें. ॲपलचें फायनल कट प्रो १९९९ मध्यें आलें. तें एकदाच मूल्य भरूनहि घेतां येतें, चपळ आहे, परंतु ॲपलच्या यंत्रांवाचून चालत नाहीं. २०११ सालीं त्याची सर्वस्वी नवी रचना झाली, तेव्हां पूर्वीचीं अपुरीं कामें नव्या आवृत्तींत उघडेनात आणि अनेक व्यावसायिक रुष्ट होऊन दुसरीकडे गेले.

डाविंची रिझॉल्व्ह हें मूळचें चित्रपटांचा रंग सुधारणारें यंत्र. ती कंपनी ब्लॅकमॅजिकनें २००९ मध्यें विकत घेतली आणि पुढें त्यांत संकलन, ध्वनि व दृश्यचमत्कार ह्यांची भर घातली. त्याची एक आवृत्ति विनामूल्य मिळते व ती शिकाऊ माणसाला पुरून उरते. जुन्या चित्रांतील खसखस कमी करण्याच्या उत्तम सोयी मात्र मूल्य देऊन घ्यावयाच्या आवृत्तींत आहेत. त्याला सबळ ग्राफिक्स कार्ड लागतें, आणि कार्डेंहि बहुतांशीं तें आपल्याच घराण्याचीं ओळखतें. एडियस हें कॅनोपसनें काढलेलें व पुढें ग्रास व्हॅलीकडे गेलेलें सॉफ्टवेअर. निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या फाइली आधीं न बदलतां एकत्र जोडण्यांत त्याचा हात धरणारें विरळा. म्हणून आपल्याकडील लग्नसमारंभ टिपणाऱ्या मंडळींत तें प्रिय झालें.

ह्यांत श्रेष्ठ कोणतें ? 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट २०१९ सालीं आला. त्याचें संकलन फायनल कटच्या सातव्या, म्हणजे दहा वर्षांच्या जुन्या आवृत्तीवर झालें होतें, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. ह्यावरून काय घ्यावयाचें तें आपण घ्यालच. ज्याला एकट्यानें शिकावयाचें आहे त्यानें विनामूल्य मिळणाऱ्यापासून आरंभ करावा. ज्याला विशिष्ट संस्थेंत काम हवें आहे त्यानें ती संस्था जें वापरते तें शिकावें. कोठें कापावें हें एकदां कळलें, म्हणजे कात्री बदलतां येते.

जुन्या फितींविषयीं मात्र दिरंगाईला जागा नाहीं. व्हीएचएस यंत्रें बनविणाऱ्या अखेरच्या ज्ञात कारखानदारानें, जपानच्या फुनाई कंपनीनें, २०१६ च्या जुलईंत तें उत्पादन थांबविलें. फिती एक वेळ टिकतील. त्या वाजविणारीं यंत्रें टिकणार नाहींत. मुंबई-कोंकणांतील दमट हवेंत फितीवर पांढुरकी बुरशी चढते. ती दिसल्यास कॅसेट यंत्रांत घालूं नये, आधीं जाणत्याकडून साफ करून घ्यावी. प्रत करावयास देतांना तीन गोष्टी बजावून सांगाव्या : अर्धचित्रें जशींच्या तशीं ठेवून एक मूळ प्रत द्या, चारास तीन हें प्रमाण मोडूं नका, आणि शेवटचा भाग आवाजासह तपासून द्या. ती मूळ प्रत दोन निरनिराळ्या डिस्कांवर, शक्य तर दोन घरीं ठेवावी, आणि कॅसेटहि टाकूं नये. हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें चेहरे लख्ख करून देणारे निघाले आहेत. त्यांत नसलेला तपशील यंत्र आपल्या अंदाजानें भरतें. चेहरा उजळतो, पण तो आपल्या माणसाचाच राहील ह्याची खात्री नसते. हौस असल्यास तें निराळ्या प्रतीवर करावें.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईस लोकांपुढें आला. तो आज पूर्ण स्वरूपांत उपलब्ध नाहीं. देशाच्या पहिल्या कथापटाची ही गत, तेथें आपल्या कपाटांतील कॅसेटची काळजी दुसरें कोण वाहणार ?

माझी कॅसेट पुढें पुण्यांतील एका स्नेह्यांनीं उंची यंत्रावर लावली आणि जुन्या डीव्ही पेटींतून उतरवून दिली. हाताच्या रेघा गेल्या, शब्द ओठांवर आले. पण खरी गोष्ट पुढेंच आहे. पहिल्या प्रतींत चित्र चार सेकंद आधींच संपलें होतें, आणि जेथें चित्र संपलें तेथेंच दुकानदारानें आवाजहि कापला होता. त्या चार सेकंदांत काय होतें हें मला ठाऊक नव्हतें. भाषण संपवून वडील खालीं बसतां बसतां आईकडे वळले आणि हळूच म्हणाले, "झालं ना ग बरोबर ?"

आपल्या कॅसेटींतहि असे कांहीं सेकंद असतील. ते आतांच उतरवून घ्या, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.